आखाजीचा मुराळी

लाल गाडी गल्लीत नव्हती. कुंदननं जीप कोपऱ्यावर थांबवून आधी तेवढं पाहून घेतलं आणि त्याचा जीव भांड्यात पडला. मग तो ऐटीत दारापर्यंत आला.

अमळनेरच्या या एकाच घरात सावद्याच्या दोन लेकी दिलेल्या होत्या. थोरल्याला भाविका, म्हणजे कुंदनच्या चुलतभावाची, जितेंद्रची बहीण. धाकट्याला ज्योत्स्ना, कुंदनची सख्खी बहीण. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशीण माहेरी जाते आणि तिला न्यायला भाऊ मुराळी होऊन येतो. त्यामुळे दरवर्षी एकाच दारात दोन मुराळी उभे राहायचे. दोन मुराळी म्हटले की गल्ली तुलना करणारच.

गेल्या आखाजीला जितेंद्र नवीकोरी गाडी घेऊन आला. लाल, बुटकी, छत उघडणारी. आवाज असा की म्हातारी माणसंसुद्धा ओट्यावर आली. भाविका पुढच्या सीटवर राणीसारखी बसली. ज्योत्स्नाला मात्र जीपमध्ये ड्रायव्हरच्या बाजूनं चढावं लागलं, कारण डावं दार दोरीनं बांधलेलं होतं. चढताना तिनं एकदा लाल गाडीकडे पाहिलं. ते पाहणं कुंदनला वर्षभर टोचत राहिलं.

जळायचा तो. अगदी उघड जळायचा. जितेंद्रचा केळीचा घड याच्या घडापेक्षा कधी भारी भरला नव्हता. बारावीला तो दोनदा बसला होता, तेही कुंदनच्याच वह्या घेऊन. आणि आता हाच गडी बांधावर उभा राहून बोटात चावी फिरवत केळीचे भाव विचारायचा. कुंदनला अन्न गोड लागेनासं झालं. गाडी त्यांची आणि ताप तुम्हाला, असं त्याची बायको हेमलता म्हणायची. त्यावर तो ताट सारून उठायचा.

आज सकाळी येता येता तो जळगावच्या शोरूममध्ये थांबला होता. तीच गाडी, पण जितेंद्रच्या गाडीपेक्षा वरचं मॉडेल. कुंदन आत बसला. इंजिन बंद होतं तरी त्यानं अ‍ॅक्सिलरेटरवर पाय दाबून पाहिला. सीटनं त्याला दोन्ही बाजूंनी असं धरलं की उतरवेना. परवडते का, असं त्यानं स्वतःला विचारलं. नुसत्या केळीवर नाही, हे शोरूमच्या पायऱ्या चढतानाच त्याला ठाऊक होतं. पण सावद्याला रस्त्यालगत वडिलांच्या जमिनीचा एक तुकडा होता. तो विकला की गाडी दारात. गिऱ्हाईकही तयार होतं. अडचण एकच. वडील गेल्यावर सातबाऱ्यावर ज्योत्स्नाचंही नाव लागलं होतं. तिनं हक्क सोडल्याची सही दिली की काम फत्ते.

जितेंद्रनं हेच केलं होतं. गाडी आधी उचलली, आणि त्याच आखाजीला भाविकाला घरी नेता नेता तिची सही घेऊन आपला तुकडा विकला. भाविकानं हसत हसत सही दिली, असं तो गावभर सांगत फिरायचा. मग ज्योत्स्ना का नाही देणार? शेवटी गाडीत मानानं बसणार कोण? बहीणच. असा विचार केला की कुंदनला आपण फार चांगले भाऊ आहोत असं वाटायचं. त्यानं कागद तयार करून घेतले होते. निळी फाईल सीटखाली होती.

चहा भाविकानं आणला. दाराआड तिची पिशवी भरून ठेवलेली दिसत होती. कुंदनला राहवलं नाही. एवढी पळणारी गाडी असून जितेंद्र अजून कसा पोचला नाही, असं त्यानं मुद्दाम विचारलं. येईल, एवढंच म्हणून भाविका कप घेऊन आत गेली. कपात अर्धा चहा शिल्लक होता.

ज्योत्स्ना ड्रायव्हरच्या बाजूनं जीपमध्ये चढली. भाविका ओट्यावर येऊन उभी राहिली आणि जीपकडे एकटक पाहू लागली. तिची नजर दोरीनं बांधलेल्या दारावर आहे, असं कुंदनला वाटलं. बघून घे म्हणावं, पुढच्या वर्षी बघायला मिळायचं नाही.

जीप कोपऱ्यावर येताच त्यानं ती थांबवली, फाईल काढून बहिणीच्या मांडीवर ठेवली आणि सगळं सांगितलं. पुढच्या आखाजीला तुला लाल गाडीतून नेईन म्हणाला. आज सरळ रावेरला जाऊ, रजिस्ट्रीच्या ऑफिसात नंबर लावून ठेवलाय, एक सही की मग घरी.

ज्योत्स्नानं फाईल उघडली नाही. नाहीही म्हणाली नाही.

"आज नको, भाऊ," ती म्हणाली. "आखाजी होऊ दे. मी वापस निघीन, त्या दिवशी करून देते सही."

द्यायचीच आहे तर आज काय आणि चार दिवसांनी काय, हे कुंदनला कळेना. आज का नको, असं त्यानं जरा चिडूनच विचारलं.

ज्योत्स्ना मागं वळून पाहत होती. भाविका अजून ओट्यावरच होती.

"तिनं सही देली, तवापासून लाल गाडी या गल्लीत आली नाही. ना राखीले, ना दिवाळीले. चार दिवस झाले, पिशवी भरून बसली आहे. आज सकाळी मले म्हने, ज्योत्स्ना, तुह्यं नशीब मोठं, तुले न्यायले अजून जीप येते."