खंड्याचं पातं

सरदारांचा कारभारी कुझुहारा जोडे न काढताच चटईवर चढला, तेव्हाच कायोला कळलं की हा माणूस मागायला नाही, न्यायला आलाय.

तिचे वडील, लोहार कानेहिदे, तापानं जाऊन महिनाही झाला नव्हता. जाण्याआधी त्यांनी तिच्या लग्नासाठी आखूड तलवार घडवली होती, नवरीनं कमरपट्ट्यात खोवायची. खंड्याच्या चोचीसारखं निमुळतं पातं, मुठीजवळ पाण्यात सूर मारणारा खंड्या कोरलेला. कुझुहाराला ती शरदातल्या दरबारात सरदारांना स्वतःच्या नावानं नजर करायची होती.

लोहार गेला, आता दोन बायकांना तलवार हवी कशाला, असं तो म्हणाला.

"माझ्या कमरेला," कायो म्हणाली. "सरदारांना एवढीच हवी असेल, तर त्यांनी येऊन माझ्याशी लग्न करावं."

दाराशी उभ्या शिपायानं हसू गिळलं.

कायोची आई तोमी गुपचूप आत गेली आणि साध्या लाकडी म्यानातली तलवार आणून चटईवर ठेवली. कायो मनातून सुखावली. सेकी गावचे लोहार मोठ्या कामासाठी दोन हुबेहूब पाती घडवत. सरस ठरेल त्याच्यावर नाव कोरत. दुसरं, बिननावाचं, घरात राही. त्याला सावली म्हणत. आई सावली देऊन ब्याद टाळत होती.

पण ही रीत कुझुहारालाही ठाऊक होती. त्यानं मुठीची खुंटी काढली आणि मुठीत दडलेला पात्याचा दांडा, जिथं नाव कोरतात, तो उजेडात धरला. कोरा होता.

"सावली गळ्यात मारतेस होय, लोहारीण?"

तो सरळ मागच्या भट्टीकडे गेला. तिथं बाईमाणूस पाऊल टाकत नाही, तेव्हा जे सापडेल ते कानेहिदेनंच ठेवलेलं असणार, असं त्यानं शिपायाला समजावलं. भात्यावरच्या देवाच्या फळीवर निळ्या लाखेचं म्यान सापडलं. खंड्याच्या पंखासारखं निळं. दांड्यावर कानेहिदेचं नाव होतं.

कायो भट्टीच्या दारात आडवी उभी राहिली. तिला बाजूला व्हायला सांगितलं, ती झाली नाही. शिपायानं तिला ओढलं, तरी म्यानाची दोरी तिनं सोडली नाही. शेवटी दोरीच तुटली.

"न्या," ती धापा टाकत म्हणाली. "पण नाव माझ्या बापाचं आहे. दरबारात सगळ्यांना ते वाचावं लागेल."

कुझुहारा खूश झाला. पोरीचा जीव एवढा तुटतोय, म्हणजे माल अस्सल आहे, असं तो शिपायाला म्हणाला. कोरं पातं त्यानं चटईवर भिरकावलं.

"हे ठेवा. मुळे चिरायला."

घोडे वळणाआड गेले, तशी कायो आईवर उसळली. एक शब्द बोलली नाहीस. हातसुद्धा उचलला नाहीस. बाबांची शेवटची वस्तू गेली आणि तू नुसती बघत राहिलीस.

तोमीनं चटईवरचं पातं उचललं, मऊ कागदानं पुसलं, मूठ चढवून खुंटी ठोकली आणि तलवार लेकीच्या कमरपट्ट्यात खोवली.

"तुला आधी सांगितलं असतं, तर इतकं छान भांडली नसतीस," ती म्हणाली. "त्यानं नेलं ते तापवून पाणी देतानाच तडकलंय. दिव्यापुढे धरलं की दिसतं. तुझ्या बाबांनी ते टाकून दिलं होतं, आणि या सरस पात्यावर नाव कोरायच्या आधीच ते गेले. त्या तडकलेल्यावरचं नाव मी कोरलं."