अनुभवाचा दाखला

ओक्लाहोमाच्या जत्रेला चार घोड्या न्यायच्या होत्या आणि म्हातारा वेंडेल आपला ट्रेलर कुणाच्या हाती देत नसे. आज लेकीचा होणारा नवरा ब्रॅडी म्हणाला, "मी नेतो."

"वजन कुठं ठेवशील?"

"पुढच्या बाजूला जास्त."

"ट्रेलर शेपटीसारखा हलायला लागला तर?"

"पिकअपचा ब्रेक नाही दाबायचा. नुसता ट्रेलरचा, हातानं."

"पँट वर कर, पोरा."

ब्रॅडीनं गोंधळून केली. नडग्या स्वच्छ, एक ओरखडा नाही.

"सगळं पुस्तकातलं दिसतंय. मीच नेतो."

हिरमुसलेला ब्रॅडी पिकअपच्या मागून वळला आणि ट्रेलर अडकवायच्या लोखंडी गोळ्यावर त्याची नडगी थाडकन आपटली. तो एका पायावर नाचू लागला.

वेंडेलनं स्वतःच्या नडगीवरच्या तसल्याच जुन्या वणांवरून हळूच हात फिरवला, मग किल्ली पुढे केली.

"जावईबापू, गाडी काढा."