उतरवलेला रंग

"दादा, अण्णा जे कीर्तन करता करता गेले ना, ते मला बघायचंय. तुझ्याच डोक्यातून काढलेलं. रंग नको, कच्चंच दाखव," शर्वरी म्हणाली. वडील गेले तेव्हा ती परदेशात होती.

"कच्ची आठवण राखाडी दिसते गं, बिनमिठाच्या वरणासारखी," श्रीरंग टाळू लागला.

लोकांच्या आठवणींना रंग चढवून परत देणं हा त्याचा धंदा. स्वतःच्या या आठवणीवर त्यानं समईचा सोनेरी रंग चढवला होता. "शेवटपर्यंत चेहऱ्यावर तेज होतं," असं तो सगळ्यांना सांगे, आणि त्याला तसंच आठवेही.

"तुझी कलाकारी राहू दे रे. मला अण्णा हवेत."

त्यानं रंग उतरवला. मग खरे रंग कळावेत म्हणून, धंद्याच्या रीतीप्रमाणे, अण्णांचं उपरणं पांढरंशुभ्र दिसेपर्यंत पडद्यावरचं चित्र जुळवलं, तसे अण्णांचे ओठ निळे दिसू लागले.

"तू तर शेजारीच झांज घेऊन उभा होतास. दिसलं नाही तुला?"

नाही म्हणायला त्यानं तोंड उघडलं. पण आठवण त्याच्याच डोळ्यांची होती. पडद्यावर नजर त्या निळ्या ओठांवर थांबली, रंगलेल्या सभेकडे वळली, पुन्हा ओठांवर आली. मग ती झांजेवर खिळली, आणि झांज आणखी जोरात वाजू लागली.