गोलकीपरची डावी बाजू

मध्यंतर दहा मिनिटांचं होतं. त्यातली चार मिनिटं जानराव मेश्रामांनी बुटाची लेस बांधण्यात घालवली. लेस सुटलेली नव्हती.

समोर गवतावर त्यांच्या अकरा पोरी पाण्याच्या बाटल्या फिरवत बसल्या होत्या. दुर्गच्या मैदानावर संभागाचा, म्हणजे विभागीय पातळीवरचा, अंतिम सामना चालू होता आणि भिलाईची मुलींची शाळा राजनांदगावपेक्षा एका गोलाने मागे होती. खरं तर ती दोन गोलांनी पुढे असायला हवी होती. कॅप्टन मोनालीसमोर दोनदा नुसती गोलकीपर उरली होती. दोन्ही वेळा तिने चेंडू नेमका त्या मुलीच्या उजव्या हातात नेऊन दिला, पाहुणीला चहाचा कप द्यावा तसा. नंतर मिळालेली पेनल्टीसुद्धा तिकडेच गेली. पोरी दमल्या असतील, असं जानरावांनी मनाशी म्हटलं.

त्यांना दहाव्या मिनिटालाच दिसलं होतं. राजनांदगावची गोलकीपर तिच्या डावीकडे झेप घेत नव्हती. गुडघ्याला काहीतरी झालेलं असावं. त्या बाजूला चेंडू आला की ती जागेवरूनच हात लांब करायची. तिकडे जमिनीलगत मारलेला चेंडू हमखास आत जाणार होता. पोरींना एवढं एकच वाक्य सांगायचं होतं. ते काही जानरावांच्या तोंडून निघत नव्हतं.

सकाळी बसमध्ये अन्नपूर्णा मॅडम बोलल्या होत्या. मॅडम शाळेच्या मुख्याध्यापिका, मनाने फार चांगल्या. सगळ्या पोरींसमोर उभं राहून त्यांनी सांगितलं, की आज जिंकलात तर राज्य पातळीवर जाल, आणि तिथे प्रमाणपत्रवालाच कोच चालतो, म्हणून सोमवारपासून रायपूरहून नवे सर येतील. "मेश्राम सर को भी अब आराम मिलेगा," असं म्हणून त्यांनी टाळ्या वाजवल्या. पोरींपैकी कुणी वाजवल्या नाहीत. पहाटे उठल्या होत्या बिचाऱ्या. जानराव हसले आणि "अच्छा है" म्हणाले.

त्यांच्याकडे प्रमाणपत्र नव्हतं. स्टील प्लांटमध्ये तेहेतीस वर्षं क्रेन चालवली आणि तरुणपणी डिपार्टमेंटच्या टीममधून खेळले, एवढीच त्यांची लायकी. निवृत्तीनंतर वर्षभरात बायको सत्यशीला गेली. मुलगा सुगत पुण्यात. त्या सुमाराला शाळेचा फुटबॉल म्हणजे चेष्टेचा विषय होता. तीन वर्षांत एक गोल नव्हता, आणि अकराचा आकडा भरायला गृहपाठ न केलेल्या मुलींना शिक्षा म्हणून मैदानात उभं करत. शिकवायला फुकट कोण येणार? जानराव आले. पार उतई गावापर्यंत स्कूटरवर जाऊन त्यांनी एकेका बापाची मनधरणी केली. टीम उभी राहायला सहा वर्षं लागली.

सरांनी टीमला जगवलं, असं लोक म्हणत. जगवलं कुणी कुणाला, ते जानरावांना ठाऊक होतं. मैदान चार ते सहा. उरलेल्या बावीस तासांत त्यांच्याशी बोलायला कुणी नव्हतं. रविवारी सुगतचा फोन यायचा, "जेवले का बाबा?" विचारायचा आणि संपायचा. गेल्या दिवाळीत शाळेला सहा दिवस सुट्टी होती. सातव्या दिवशी मोनालीला हाक मारायला त्यांनी तोंड उघडलं, तर घशातून आवाजच फुटेना. सहा दिवस तो लागलाच नव्हता. त्या संध्याकाळी ते फार घाबरले होते.

आज हरलं, की सगळं होतं तसं राहणार होतं. हरलेल्या टीमसाठी रायपूरहून कुणी येत नाही.

प्लांटमध्ये शिफ्ट बदलताना एक रीत होती. क्रेन पुढच्या ऑपरेटरच्या ताब्यात देताना तिची खोड सांगायची. ब्रेक घसरतो, दोर अमुक ठिकाणी विरलाय. कितीही दमलेले असा, त्या माणसाशी तुमचं कितीही वाकडं असो, सांगितल्याशिवाय शिडी उतरायची नाही, कारण हुकाखाली माणसं काम करत असतात. तेहेतीस वर्षांत जानरावांनी एकदाही काही लपवलं नव्हतं. आज ते आपल्याच पोरींपासून लपवत होते. त्यांना स्वतःची शरम वाटली.

दोन मिनिटं उरली होती. ते उठले.

"ऐका वं पोरीहो," ते म्हणाले. त्यांची मराठी एव्हाना हिंदी बोलणाऱ्या पोरींनाही कळायची. "त्या गोलकीपरले तिच्या डावीकडं पडता येत नाही. गुडघा दुखत असन तिचा. तिच्या डाव्या हाताले, खाली, पोस्टजवळ मारा. हे मी तुमाले पयलेच सांगाले पायजे होतं. मुद्दाम नाही सांगतलं. चुकलं माझं."

कुणी मान वर केली नाही. एक पोरगी नुसती गवत उपटत राहिली. यांनी आपल्याला माफ केलेलं नाही, असं जानरावांना वाटलं, आणि ते बरोबरच आहे असंही वाटलं. पलीकडे राजनांदगावच्या मुली उठून मैदानात निघाल्या होत्या.

मोनालीचा बाप रेल्वेत. तिच्या घरी मराठी चालायची, पण मैदानावर जानरावांनी मराठीत काही विचारलं तरी ती मैत्रिणींसमोर लाजून हिंदीतच उत्तर द्यायची. आता ती खाली बघत, सगळ्यांदेखत मराठीत बोलली.

"आमाले मालूम आहे, सर. पयल्या पाच मिनटातच दिसलं. म्हणून तर साऱ्या जणी तिच्या उजवीकडं मारून राहिलो."