राखलेली कारवी

“कोयता खाली ठेवा. ही कारवी तोडायची नाही,” इठाबाई नवऱ्याला म्हणाली. घराच्या भिंतीचा कूड घालायला देवरामला काठ्या हव्या होत्या आणि घरामागची अख्खी उतरण कारवीनं भरली होती.

“ठेवून काय करणार?”

“सात वर्षांनी एकदाच फुलते ही. तीन झालीत, अजून चार पावसाळे थांबा. फुललीच नाही तर बी कुठून पडेल? डोंगर बोडका होईल.”

देवरामनं चिडून बांबूचा कूड घातला. गावानंही तिला हसून घेतलं. इठाबाई मात्र रोज उतरणीवर जायची, गुरं हाकलायची, सरपण तोडायला आलेल्या बायकांशी भांडायची.

चौथ्या वर्षी भाद्रपद सरता सरता उतरण वरपासून खालपर्यंत जांभळी झाली. मधमाश्यांची गुणगुण अंगणात ऐकू येऊ लागली. संगमनेरहून माणसं बघायला आली.

“एवढी कारवी आसपास कुठंच दिसली नाही. कुणी लावली?” एका बाईंनी विचारलं.

इठाबाई लाजून मागं सरकली. देवराम पुढं झाला.

“लावली नाही कुणी. राखलीय. आमच्या इठाबाईनं.”

लग्नाला बावीस वर्षं झाली होती. चारचौघांत त्यानं तिचं नाव पहिल्यांदाच घेतलं होतं.

तिनं पदर खोचला. “चला, कड्यावरून आणखी छान दिसते,” म्हणत ती पाऊलवाटेनं पुढं निघाली.

“तिच्यामागून या,” देवराम पाहुण्यांना ऐटीत म्हणाला, “आणि जपून. फांदी मोडली तर ती मलासुद्धा सोडत नाही!”