निरोगी कामगार सप्ताह

विश्वजीतसाहेबांनी शालूबाईच्या हातात स्टीलची बाटली ठेवली, तसा फोटोवाला म्हणाला, "मावशी, जरा हसा की!" शालूबाई हसली नाही.

मिरजेजवळच्या त्या सूतगिरणीत निरोगी कामगार सप्ताह चालला होता. विश्वजीतसाहेब गिरणीचे मालक. पुण्याहून बोलावलेल्या डॉक्टरीणबाईंना शेजारी बसवून ते माइकवर सांगत होते, "आपल्या महिला कामगारांत मूतखडा फार वाढलाय. का, तर पाणीच पीत नाहीत! स्वतःच्या जिवाची एवढी हेळसांड बरी नव्हे."

शालूबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हेळसांड म्हणे! बायकांचा संडास कुलपात, किल्ली आकाराम मुकादमाच्या खिशात, आणि ती मिळणार दिवसातून एकदाच. का, तर यंत्रं थांबतात. दुसऱ्यांदा मागायला गेलं की हा बाबा भर खात्यात ओरडणार, "आत्ताच गेलीवतीस न्हवं गं?" आणि गडीमाणसं फिदीफिदी हसणार. म्हणून साऱ्याजणी घरून निघतानाच चहा टाळायच्या आणि कामावर नुसते ओठ ओले करायच्या. तिच्या शेजारच्या यंत्रावरच्या रंगुबाईचं एक मूत्रपिंड गेल्या महिन्यात काढावं लागलं. आता शालूबाईच्याही कमरेतून रोज कळ उठत होती.

"चला, सगळ्यांनी माझ्याबरोबर प्यायचं!" साहेबांनी बाटली उंचावली.

मांडवातल्या बायकांनी बाटल्या ओठांना लावल्या. सवयच ती, कुणाच्या घशाखाली थेंब उतरला नाही.

शालूबाईने मात्र आपली बाटली तिथेच उभ्याउभ्या घटाघटा रिकामी केली. पदराने तोंड पुसलं आणि व्यासपीठाच्या कडेला उभ्या असलेल्या मुकादमापुढे हात पसरला.

"आकाराम, किल्ली दे रं."

माइक चालूच होता. आकारामाने साहेबांकडे पाहिलं. "सकाळी जाऊन आलीयास की तू," तो पुटपुटला.

"व्हय. आन आता परत जायचंय. साहेबांनीच पाजलंय न्हवं?"

"कसली किल्ली?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

साहेब फोटोवाल्याला म्हणाले, "बंद कर ते."

शालूबाईचा हात तसाच पुढे होता. खाली मांडवात बायकांनी बाटल्या पुन्हा तोंडाला लावल्या, आणि या वेळी तळ दिसेपर्यंत एकीनेही खाली आणली नाही.