मागचं उजवं चाक

चारही चाकांखाली एकेक सपाट वजनकाटा बसवून ओरिन मागे सरला आणि त्याने भिंतीवरच्या पडद्याकडे पाहिलं.

१०५२   ९९३
९१४   ८६७

वरचे दोन आकडे पुढच्या चाकांचे, खालचे मागच्यांचे; डावा रकाना डाव्या चाकांचा, उजवा उजव्या. सगळे पौंडांत.

"उतर म्हटलं ना, नीव्हा," तो गाडीकडे न बघताच म्हणाला. "आधी रिकामी गाडी तोलायची असते."

"मी इकडे आहे," नीव्हा म्हणाली.

ती गॅरेजच्या दुसऱ्या टोकाला होती. यंत्रातली कॉफी थर्मासमध्ये भरत होती.

ओरिनने वळून पाहिलं. सत्तर सालची निळी गाडी, दोन दारांची, पुढे एक सलग लांब सीट. सीटवर कोणी नव्हतं. त्याने डिकी उघडली, सीटखाली हात घातला, वजनासाठी ठेवलेली वाळूची एखादी पिशवी राहिली असेल म्हणून पाहिलं. नव्हती. गाडी ढकलून खाली उतरवली, काटे शून्यावर आणले, पुन्हा वर चढवली.

१०५२   ९९३
९१४   ८६७

"काटे बिघडले," तो म्हणाला.

"सकाळी त्या लाल ट्रकला चांगले होते?"

ओरिनने फळीवरून तेलकट वही काढली. ही गाडी तो आणि नीव्हाचा नवरा लायल, दोघं मिळून वर्षानुवर्षं शर्यतीसाठी वजन साधून लावत आले होते. पान सापडलं.

रिकामी:
९८०   ९६०
८३०   ८३०

लायल आत:

पुढचं त्याने वाचलं नाही. वही मिटली. पण नीव्हा तोवर मागे येऊन उभी राहिली होती आणि तिला चष्मा लागत नव्हता.

आज दोनशे सव्वीस पौंड जास्त. लायलचं वजन तेवढंच होतं. मार्चमध्ये लायलची शवपेटी उचलली, तेव्हा मागच्या उजव्या कडीला ओरिनचा हात होता.

बाहेर ओहायोचं लख्ख ऊन होतं. रेडिओवर बेसबॉलचा सामना चालू होता, कोणीतरी कोणालातरी शिव्या घालत होतं.

"ऐक," ओरिन घसा साफ करत म्हणाला. "शनिवारी शर्यतीत तुझं काय झालं, माहितीये ना? हिरवा दिवा लागला, तू पाय दाबलास, इंजिनाच्या झटक्याने मागचं उजवं चाक हलकं झालं. जागच्या जागी गरगरलं. सगळ्याच जुन्या गाड्या हे करतात."

"कडेची भिंत हातभर राहिली होती."

"डांबरावर टायरचा काळा पट्टा एकच. दोन हवेत. ही गाडी लायलच्या वजनावर लावलेली, तू त्याच्या जेमतेम निम्मी. आता उजव्या स्प्रिंगमधल्या रबरी पिशवीत हवा भरायची, ते चाक दाबून धरायचं. पण आकडाच खोटा असेल तर मी किती भरू? अंदाजाने भरली आणि चुकली, तर?"

"तर भिंत."

"आणि नाही लागली भिंत, तरी शर्यतवाले तुला त्या धावपट्टीवर पुन्हा पाऊल ठेवू देणार नाहीत. गाडी विकून टाक, नीव्हा. लोक रांग लावतील."

नीव्हाने थर्मासचं झाकण घट्ट केलं.

"एकतीस वर्षं मी त्याच्या उजवीकडे बसले, ओरिन. हा थर्मास मांडीवर धरून. एकदाच म्हटलं, मला चालवू दे. काय म्हणाला, माहितीये? 'तुझ्याने नाही व्हायचं, राणी. वजन लागतं.' आणि तूही हसलास. याच जागी उभा होतास."

ओरिनने खाली पाहिलं.

तिने डावं, चालवणाऱ्याच्या बाजूचं दार उघडलं. थर्मास आत सरकवून उजवीकडे पायांच्या जागेत ठेवला. मग बसली. स्टिअरिंगसमोर नीट मधोमध नाही. भरलेल्या बाकड्यावर कोणाच्या तरी शेजारी टेकावं तशी, कडेला.

१०९०   १०१०
९५८   ८८६

"उतर," ओरिन म्हणाला. त्याचा आवाज चिरकला. "नीव्हा, बाई, उतर खाली."

तिने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. नजर समोर, शटरच्या बाहेर.

"सरक, लायल."

काही नाही. रेडिओवर लोक ओरडले.

"मी उतरणार नाही. तू सरक."

सीटचं जुनं रेक्झिन करकरलं. आधी डावीकडे. मग मधे. गाडीची मागची बाजू बोटभर डुलली. काचा बंद असलेल्या गाडीत आरशाला लटकवलेली माळ हलू लागली. ओरिन फक्त पडद्याकडे बघत राहिला, खालच्या ओळीकडे.

९५८   ८८६

९४०   ९०४

   ९२३   ९२१

      ९११   ९३३

तिथे थांबले. मागचं उजवं चाक आता डाव्यापेक्षा जड होतं.

इतका सुरेख आकडा त्याला लायलच्या हयातीत कधी जमला नव्हता. हवेची नळी त्याच्या हातात होती. कधी घेतली ते त्याला आठवेना. त्याने ती खुंटीला परत अडकवली आणि भिंतीला पाठ लावून उभा राहिला.

नीव्हा आता स्टिअरिंगसमोर मधोमध सरकून बसली होती. तिने आरसा आपल्या उंचीला खाली वळवला.

"थर्मास तुझ्या पायाशी आहे," ती उजवीकडे न बघता म्हणाली. "धर. सांडू नकोस."